करवंटीतला काटा

वडिलांचा एक नियम होता. ज्या जनावराचा दम कळत नाही, त्याच्या भरवशावर चढ चढायचा नाही. घाटाखालच्या कापडे गावाहून वर आमच्या वाडीपर्यंत पेंढ्याची बैलगाडी त्यांनी अर्धं आयुष्य हाकली. वळण आलं की उतरायचं, बैलाच्या बरगडीवर हात ठेवायचा आणि दम लागला असेल तर चाकाला दगड लावून थांबायचं. त्या चढावर आपला एकही बैल कधी बसला नाही, हे ते कोणी न विचारता सांगतात.

आणि म्हणून माझ्या गाडीत ते बसेनात.

मी मुंबईत जुन्या इंपोर्टेड गाड्यांच्या गॅरेजात मेकॅनिक आहे. एका गिऱ्हाइकानं कंटाळून सोडून दिलेली गाडी शेठनं मला देऊन टाकली. रंग उडालेला, मागचा एक दरवाजा फक्त बाहेरून उघडणारा, पण इंजिनाला सुपरचार्जर! म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारं एक यंत्र, हवा दाबून इंजिनात कोंबणारं. ती वाडीत गोठ्याशेजारी लावली तेव्हा म्हशींनी एकदा बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

एरवी मीही म्हटलं असतं, नका बसू. पण वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर माणूस आहे की खांब, एवढंच कळायचं. महाडच्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दोनदा दिली आणि यांनी दोनदा हुकवली. एसटीत म्हणे डोकं हलतं, रिक्षा म्हणे कलंडते. मागच्याच महिन्यात ते गोठ्याच्या पायरीवरून पडले होते. तिसरी तारीख सोमवारची होती. तीही हुकली असती तर पुढच्या वेळी पायरीनं त्यांना सोडलं नसतं. मला खरोखर धास्ती बसली होती.

"ही दम टाकते काय रे?" त्यांनी शनिवारी सकाळी विचारलं.

"टाकते ना, बाबा."

"मग हात कुठं ठेवू?"

मी गाडी चालू करून त्यांचा हात बॉनेटवर ठेवला. त्यांनी लगेच काढून घेतला. "ही तर थरथरतेय. ताप असंल तिला."

डिकीत एक जुनं बूस्ट गेज पडलेलं होतं. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दाखवणारं गोल मीटर. काटा शून्याच्या डावीकडे असला की इंजिन निवांत, उजवीकडे गेला की सुपरचार्जर जोरात हवा कोंबतोय. म्हणजे उजवीकडे काटा ही चांगली गोष्ट, त्यासाठीच तर तो सुपरचार्जर. पण दुर्बुद्धी सुचली आणि मी त्यांना म्हणालो, "हे बसवतो. काटा उजवीकडे गेला की दम लागला समजा."

लगेच अंगणात कामाला लागलो. सुपरचार्जरच्या पुढची रबरी नळी कापून तिला फाटा बसवला. फाट्यातून बारीक नळी काढून ती पत्र्याच्या भोकातून आत घेतली. घासून फाटू नये म्हणून भोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. मीटर बसवायला खोबण मात्र नव्हती. आईनं पडवीतून एक करवंटी आणून दिली. मीटर तिच्यात असं चपखल बसलं की मीच चाट पडलो. दोन स्क्रूंनी ती डॅशबोर्डवर पक्की केली. मुंबईत जन्मभर लिफ्ट चालवून परत आलेले शेजारचे काका वाकून बघत म्हणाले, "पीस ओरिजिनल हाय ना?"

"नारळ फोडला का?" वडिलांनी विचारलं.

"त्याचीच तर करवंटी हाय," आई म्हणाली. त्यांचं समाधान झालं.

मग देवळाच्या चढावर चाचणी. ते शेजारी बसले. काटा त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

"कुठं हाय?"

काटा चांगलाच उजवीकडे होता. "डावीकडे, बाबा."

"एवढ्या चढावर?"

"अगदी डावीकडे."

त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "बैल चांगला हाय."

सोमवारी आम्ही महाडला उतरलो. सगळा उतार, त्यामुळे काटा खरोखरच डावीकडे, आणि मी छाती फुगवून दर वळणाला तसं सांगत होतो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. रात्री जवळच्याच सव गावात आत्याकडे मुक्काम. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात डुबकी मारायचा त्यांनी हट्ट धरला, तेव्हा आत्यानं त्यांचा पंचाच लपवला. सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असं बजावलं.

परतीच्या चढावरचं पहिलंच वळण.

"थांबव," वडील म्हणाले.

"काय झालं?"

"काटा उजवीकडे गेला. दगड लाव."

त्यांना वाकायला बंदी, म्हणून दगड शोधून चाकाला लावायचं काम माझ्याकडे. इंजिन बंद करून मी म्हणालो, "बघा, आला शून्यावर."

"बंद पडल्यावर माझा पण येईल शून्यावर," ते म्हणाले आणि सावलीत जाऊन बसले.

दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्या वळणावर वाडीची जीप मागून आली. "बंद पडली काय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाय, दम खातेय," वडील म्हणाले. जीपमधल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या वळणावर दगड लावून मी घाम पुसत उभा राहिलो. वडील बाहेरूनच काचेतून करवंटीकडे बघत होते.

"शनिवारी पण काटा असाच होता ना?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "होता."

"मग डावीकडे हाय, असं का सांगितलंस?"

"तुम्ही बसला नसता."

त्यांनी काळा चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत त्यांनी माझा चेहरा पाहिला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"फोनवर म्हणतोस, मुंबईला जेवण झकास मिळतं."

मी जेवायचो ती खाणावळ कधीच बंद झाली होती.

"गालाची हाडं वर आली तुझी. एका डोळ्यानं एवढं दिसलं," ते म्हणाले. "पुढची तारीख घे. दुसरा पण करून टाकू."

मला रडू आलं आणि हसूही. गाडीत शिरायला वळलो तर त्यांनी हात धरून मागे ओढलं आणि माझ्या बरगडीवर तळवा ठेवला.

"बस जरा," ते म्हणाले. "चाकाला दगड हाय."