आखाजीच्या दिवशी ओट्यावर कोण होतं?

आधीच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. मी जळगावात नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, आणि अंगात येणं, नजर लागणं, उतारा टाकणं असल्या गोष्टींचा मला मनापासून कंटाळा होता. शाळेत एखादी बाई ‘पोरीला झपाटलंय’ म्हणत आली, की मी आधी पोरगी जेवली आहे का ते विचारायचे. नव्वद टक्के वेळा जेवलेली नसायची. तेव्हा खालचं वाचून ‘मास्तरीणबाई म्हातारपणी बिघडल्या’ असं कुणाला वाटलं तर वाटू द्या... मलाही कधीकधी तसंच वाटतं.

ही गोष्ट एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराची. आम्ही मेहरूणला राहायचो, तलावापासून फार लांब नाही. आमच्या गल्लीला लागून मोठं मोकळं मैदान होतं आणि तिथे ओळीने तीन उन्हाळे एका ठेकेदाराने ‘आनंदनगरी’ उभी केली होती. उंच पाळणे, मौत का कुआँ, झुकझुक गाडी, जादूचे खेळ... धरणगाव, एरंडोलपासून माणसं यायची. मुख्य दरवाजा रस्त्याकडे. तिथे दिवे होते, दोन पोलीस होते. आमच्याकडे होती ती मागची बाजू. गंजक्या पत्र्यांचं कुंपण, जनरेटरचा धूर, आणि पत्र्याच्या फटीतून ये-जा करणारे नाही नाही ते लोक.

लोक मेळ्यात जाऊन मजा करून घरी जायचे, आम्ही त्याच्या पाठीमागे राहायचो. भिंतीला मुतायचं तर आमच्या, दारू पिऊन बसायचं तर आमच्या ओट्यांवर. पहिल्या वर्षी दोन घरं फुटली, दिवसाढवळ्या, घरची माणसं पाळण्यात बसलेली असताना. पोरींच्या मागे शिट्ट्या मारत येणं तर रोजचंच झालं होतं. पोलिसांकडे गेलो तर म्हणाले, “बाई, आम्ही गेट सोडून मागे कसे येणार?”

मग गल्लीतल्या बायकांनीच ठरवलं. संध्याकाळी चार वाजल्यापासून अंधार पडून वर्दळ कमी होईपर्यंत एका बाईने ओट्यावर बसायचं. नुसतं बसायचं, भाजी निवडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचं. बघणारं माणूस असलं की चोर न थांबता पुढे निघून जातो, एवढा साधा हिशोब. बाहेर जाणारीने किल्ली तिच्याकडे द्यायची. पाळी सगळ्यांची ठरली होती, पण महिनाभरात ती माझ्यावरच आली. “वहिनी, तुम्हाला तर सुट्टीच आहे ना!” मिस्टर नोकरीला भडगावला, शनिवारी यायचे. मुलगा नाशिकला शिकायला. म्हणजे मी मोकळी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तीन उन्हाळ्यांत मी स्वतः त्या आनंदनगरीत एकदाही गेले नाही. तिचा आवाज मात्र रोज ऐकला, डोकं भणभणेपर्यंत.

तिसऱ्या वर्षी माझ्या भावाचं पत्र आलं, की आई थकली आहे, आखाजीला ये. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. दिवाळी चुकली तरी चालते, आखाजीचं माहेर चुकवत नाहीत. मी सहा-सात वर्षं गेले नव्हते. या वेळी म्हटलं जायचंच. शेजारच्या सुशीलाला सांगितलं, “दोन दिवस तू बस.” तीही हो म्हणाली. किल्ल्यांचा जुडगा तिच्याकडे दिला आणि आखाजीला पहाटेच धुळ्याची एसटी पकडली.

आता आमच्या शहाणपणाची कमाल बघा. पाळी लावली बायकांची, आणि आखाजीला बायका कुठे असतात? माहेरी! हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. मी निघाल्यावर थोड्याच वेळात सुशीलाचा भाऊ तिला न्यायला आला. तिने जुडगा समोरच्या घरी दिला. दुपारी समोरचीही पारोळ्याला निघून गेली, जुडगा पिशवीत तसाच. पुरुष मेळ्यात गेलेले, अख्ख्या गल्लीत उरली ती कुलपं. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस, आणि ओटा रिकामा.

गल्लीच्या टोकाला सिंधूबाई राहायच्या. दवाखान्यात नर्स. नवरा नव्हता, एकुलती एक मुलगी नंदा, दहावी झालेली. सिंधूबाईंना सणावारी सुट्टी कुठली? नंदा शिवणाच्या क्लासला जायची आणि येताना माझ्याकडून किल्ली घ्यायची. मी नाही हे तिला माहीतच नव्हतं. मी सिंधूबाईंना निरोप ठेवला होता सुशीलाकडे, आणि सुशीलाच गेली.

धुळ्याला देवपुरात भावाचं घर. मी पोचले तेव्हा वहिनी खापरावर मांडे करत होती. दुपारी पोटभर आमरस झाला. भावाने साडी दिली, वांगी रंगाची, पिवळ्या काठाची. आई म्हणाली आत्ताच नेस. नेसले. संध्याकाळी अंगणातल्या कडुनिंबाच्या झोक्यावर बसले आणि इतकं बरं वाटलं... कुणाच्या घराकडे लक्ष द्यायचं नव्हतं, कुणाची किल्ली पदराला नव्हती. इतक्या वर्षांचा शीण उतरावा तसं झालं. डोळा लागला असणार. मला तरी तसंच वाटलं.

भानावर आले तेव्हा आई माझा खांदा हलवत होती. घाबरली होती.

“काय वं माय, कितला हाका मारात तुले! बोलनीच नही. डोया ते उघडा व्हतात.”

मी म्हटलं, “आई, थकी गयी मी. झोप लागनी.”

“उघडा डोयास्नी कोन झोपस?” ती म्हणाली आणि माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळायला आत गेली. मी हसले. हसताना कळलं की घसा बसला आहे. सकाळपर्यंत तर आवाजच फुटेना. वहिनी म्हणाली, रस बाधला. मीही तेच धरून चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जळगावला परत आले, प्रवासाची जुनी सुती साडी अंगावर, नवी पिशवीच्या तळाशी. गल्लीत शिरते तर नंदा धावत आली आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली.

“काकू, काल तुम्ही नसत्या ना, तर माझं काय झालं असतं?”

मला वाटलं पोरगी टोमणा मारते आहे. पण ती रडत होती. म्हणाली, क्लासवरून येताना पत्र्याच्या फटीतून दोघेजण निघाले आणि मागे लागले. गल्लीत शिरली तर सगळीकडे कुलपं. एकाने ओढणी धरली. तेवढ्यात तिला मी दिसले, माझ्याच ओट्यावर.

“तुम्ही उठून उभ्या राहिल्या आणि केवढ्याने ओरडल्या, ‘कोन शे रे तठे? काय करी ऱ्हायनात?’ मी तर तुम्हाला अहिराणी बोलताना पहिल्यांदाच ऐकलं! ते पळाले, काकू.”

इथे एक सांगते. मी धरणगावकडच्या खेड्यातली. घरी अहिराणीच. पण जळगावात, शाळेत, गल्लीत मी तिचा एक शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. मास्तरीणबाईंनी शुद्ध बोलायचं, हा तेव्हाचा भ्रम.

मी म्हटलं, “नंदा, अगं मी धुळ्याला होते.” माझा आवाज घोगरा निघाला.

“बघा, अजून घसा बसलाय तुमचा,” ती म्हणाली. “आणि ती वांगी साडी किती छान दिसत होती. पिवळ्या काठाची. आज का नाही नेसल्या?”

पिशवी माझ्या हातात होती. उघडलीसुद्धा नव्हती.

मी ओट्यावर बसले. मग सिंधूबाई आल्या, मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, “वहिनी, मी ड्युटीवरून आले तेव्हा नंदा तुमच्या ओट्यावर बसलेली होती. म्हणाली, काकू आत्ताच आत गेल्या. मी बघितलं, दाराला बाहेरून कुलूप. मला वाटलं, मागच्या दाराने गेल्या असाल.”

आमच्या घराला मागचं दार नव्हतं. सिंधूबाईंना ते माहीत होतं. मग त्यांनी चहा टाकला. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आखाजीच्या त्याच संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत एका बाईचं मंगळसूत्र ओढलं होतं, तिला फरपटत नेलं होतं थोडं अंतर. तेच दोघे असतील किंवा नसतील. तिकडे ओट्यावर कुणी नव्हतं.

मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, मी नव्हते म्हणून. एसटीचं तिकीट दाखवलं. भावाचं नाव सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही. पुरुष म्हणाले, बाई नम्र आहेत. बायका म्हणाल्या, पोरीचा बोभाटा नको म्हणून वहिनी असं म्हणतात. आणि ज्या दोघी-तिघींनी विश्वास ठेवला, त्यांनी तर कहर केला. पाळीचा विषय निघाला की म्हणायच्या, “वहिनी, तुम्ही नसलात तरी चालतं हो!” म्हणजे माझ्या नसण्यावरही यांनी हक्क सांगितला. राग यायचा. पण त्यानंतर आनंदनगरी उठेपर्यंत मी एक संध्याकाळ गल्ली सोडली नाही. कारण ते एकदा झालं म्हणून पुन्हा होईल, याची खात्री मला कोण देणार होतं?

खूप विचार केला मी. नंदा घाबरलेली होती, तिला भास झाला असेल. मग साडी? कुणी दुसरी बाई बसली असेल. मग माझा घसा? मला धुळ्याला काहीतरी झटका आला असेल. आला असेल, पण त्याने जळगावातले दोन गुंड का पळतील? डॉक्टरांना विचारलं, त्यांनी विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. ते मात्र बरोबर होतं, मी थकलेलीच होते.

मागच्या दिवाळीत नंदा आली होती. आता तिचीच मुलगी क्लासला जाते. बोलता बोलता म्हणाली, “काकू, हिला एकटीला पाठवायचं म्हटलं की मला तुमचा हात आठवतो. आई येईपर्यंत तुम्ही माझा हात धरून बसल्या होत्या. बोलल्या काहीच नाही. नुसता घट्ट धरला होता.”

या वेळी मी ‘मी नव्हते’ म्हटलं नाही. कंटाळा आला होता, आणि तिचा चेहरा बघून तसं म्हणवेना.

काय झालं ते मला अजूनही ठाऊक नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. भीती तर केव्हाच गेली. एकच गोष्ट लागून राहिली आहे. जन्मभर नोकरी केली, संसार केला, लोकांची घरं राखली, पण खरोखर कुणाला वाचवलं असेल तर ते एकदाच, त्या पोरीला. आणि तिचा हात हातात धरल्याचं मला आठवतच नाही.