शेडमधल्या बारा ट्यूब

ट्यूबलाइट या विषयात मी स्वतःला फार शहाणा समजत असे. झाशीत ओरछा गेटजवळच्या आमच्या गल्लीत पहिली ट्यूब मीच बसवली होती. चोक कोणता घ्यावा, स्टार्टर कधी बदलावा, हे लोक मला विचारत, आणि कोणी नाही विचारलं तरी मी सांगत असे. ट्यूब लागली त्या संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, हा टेबलफॅन उलटा फिरतोय की काय?" पाती खरंच उलटी सरकताना दिसत होती. आम्ही पोट धरून हसलो आणि जेवायला बसलो.

मी तेव्हा बिजौलीतल्या एका छोट्या कारखान्यात स्टोअरबाबू होतो. तिथे लेथवर पितळी नळांचे भाग कातले जात. प्रत्येक लेथवर एक पिवळा, तेलकट बल्ब लोंबत असे. मला त्या बल्बांची शिसारी येई. मालकांनी उजेडाचं काम माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी सदर बाजारात जाऊन बारा ट्यूब एकेक पेटवून पाहून आणल्या. बसवायला आलेला म्हातारा वायरमन म्हणाला, "बाबूजी, मशीन के ऊपर वाला बल्ब रहने दो. और सारी ट्यूबें एक ही फेज़ पर मत डालो." फेज़ म्हणजे कारखान्यात येणाऱ्या विजेच्या तीन तारांतली एक; पण असं का, ते त्याला नीट सांगता येईना. उस्तादांनी असंच शिकवलं होतं, एवढंच तो म्हणे. मला मात्र एका बटणावर अख्खी शेड उजळायला हवी होती. बल्ब मी स्वतः उभं राहून काढून घेतले.

शेड अशी लख्ख झाली की मालकांनी चार लोकांना आणून दाखवली. मी आठवडाभर हवेत होतो.

दोनेक महिन्यांनी आमच्या सगळ्यात जुन्या कारागिराचा हात मशीनमध्ये गेला. त्याने बटण बंद केलं, चक, म्हणजे पितळेचा तुकडा धरून फिरवणारा भाग, थांबलेला दिसला, म्हणून त्याने हात घातला. चक फिरतच होता. शेजारच्या लेथांच्या घरघरीत कानाला काही कळण्याची सोय नव्हती. उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात नेताना तो मला एकच सांगत होता, "रुकी हती, बाबूजी. हमने देखी हती."

कोणाचा विश्वास बसला नाही. डुलकी लागली असेल, कोणी म्हणालं. दारूच्या थेंबाला न शिवणाऱ्या माणसाबद्दल कोणी प्यायला असेल असंही म्हणालं. माझं अक्षर चांगलं, म्हणून रिपोर्ट मला लिहायला सांगितला. मी लिहिलं, कारागीर की लापरवाही. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याची मला आजही लाज वाटते.

पुढे एक ट्यूब मिचमिचायला लागली म्हणून तो वायरमन परत आला. मी त्याला अपघाताचं सांगितलं. तो त्याच लेथपाशी गेला, मशीन चालू करून वेग बदलत राहिला. एका वेगावर चक थांबला. भरधाव फिरत असताना, माझ्या डोळ्यांसमोर स्वस्थ उभा राहिला. वायरमनने हातातली काडी पुढे केली आणि तिचा भुगा झाला. मला घरचा पंखा आठवला: ट्यूब सेकंदाला शंभरदा विझते-पेटते, त्या लयीशी वेग जुळला की फिरणारी वस्तू थांबलेली भासते; बल्ब तसा विझत नाही.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "बल्ब आज ही लगवा दो. रिपोर्ट तो जा चुकी है." पदरी दोन मुलं, झाशीत दुसरी नोकरी कुठे शोधणार? मी भांडलो नाही. भांडायला हवं होतं, हे कळत होतं.

निदान त्या कारागिराला तरी सांगावं म्हणून त्याच्या घरी गेलो. तो दारात खाटेवर बसला होता, डाव्या हाताने चहा पीत. मी सगळं सांगितलं. प्रकाश कसा फसवतो, चक कसा थांबलेला भासतो. त्याने कप खाली ठेवला.  मग घरात तोंड करून ओरडला, "सुन रही हो? बाबूजी कह रहे हैं, हम झूठ नहीं बोल रहे थे!"

म्हणजे घरातही त्याच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिने सगळं पुन्हा माझ्याकडून ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "भैया, वे ट्यूबें पसंद किसने की थीं?"

मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात तोच म्हणाला, "अरे, कंपनी ने की होंगी. बाबूजी को क्या मालूम."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि म्हणालो, "हाँ, कंपनी ने."