भागीरथीकाकूंची मोरी

आमच्या इमारतीचा मालक विपुल याने आपल्या आईला, भागीरथीकाकूंना, न विचारता त्यांची मोरी फोडली आणि वर म्हणाला, आईच्या भल्यासाठीच केलं. आईचं भलं करायला लोकांना नेमका तिचा पाय घराबाहेर पडलेला लागतो, याचा मला फार राग येतो.

मी त्यांची भाडेकरू, साताऱ्याकडची. सीवूड्सजवळच्या जुन्या गावठाणात भागीरथीकाकूंचं कौलारू घर होतं, तिथेच विपुलने ही चार मजली इमारत उभी केली. तळमजल्यावर त्याचं बिल्डरचं ऑफिस, दुसऱ्या मजल्यावर घर. हॉल ऐसपैस, पण स्वयंपाकघर एवढंसं. त्यातला एक कोपरा मोरीचा, वीतभर कठडा आणि खाली नळ. तिथे विळीवर बसून काकू मासळी करायच्या. निवट्या राखेने चोळायच्या, चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडायच्या, बोईटांची खवलं काढायच्या. घरात पोळ्यांना बाई, भांड्यांना बाई, भाजी-आमटी सून नमिताची. मासळी मात्र काकूंची, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

नमिता काही वाईट नाही. डबे, मिक्सर, तांदळाचं पिंप ठेवायला तिला खरंच जागा नव्हती. डिझायनर मुलीने येऊन सांगितलं, मोरी काढली तर त्या कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत कपाट बसेल.

"आजकाल मोरी कोणी ठेवत नाही, काकू," ती म्हणाली.

"मी ठेवतंय," काकूंनी विषय संपवला. निदान त्यांना तसं वाटलं.

काकू धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाते ती धवलारीण, तिच्यावाचून हळद पुढे सरकत नाही. द्रोणागिरीकडे त्यांच्या भाचीच्या मुलाची हळद निघाली. काकू तिकडे गेल्या आणि इकडे हातोडा चालला. परत आल्या तेव्हा मोरीच्या जागी पांढरं चकचकीत कपाट उभं होतं.

काकूंनी कपाटाचं दार उघडून आत पाहिलं, परत लावलं. मग विळी आणि परात उचलली, खाली उतरल्या आणि विपुलच्या ऑफिससमोरच्या नळाशी फतकल मारून मासळी करायला बसल्या. गल्लीतली मांजरं लगेच जमली.

विपुल धावत बाहेर आला. "आई, वर चल ना. दुकानातून साफ करून आणू मासळी. टेन्शन कशाला घेते?"

"मना दुकानातली नको."

"मग बाल्कनीत नळ काढून देतो."

"बाल्कनीन कपरे धुतान. जेवान सैपाकघरान करतान."

"अगं, तुझ्या गुडघ्यांचा तरी विचार कर."

"गुडघे माजे हायेत. तुजे दुखतान का?"

त्या रोज खाली बसू लागल्या. आवाज धवलारणीचा, त्यामुळे मोरी कशी गेली हे अख्ख्या गल्लीला कळलं. माझ्याही घरात विपुलने मोरी दिलेली नाही, भाकरीची परात मी बाथरूममध्ये धुते. मग मीही परात घेऊन काकूंच्या शेजारी जाऊन बसले. भाडं वाढवतो म्हणाला असता तर तेही ऐकून घेतलं असतं.

"काकू, एवढं का लावून घेतलंत?" मी एकदा विचारलं.

"सगल्या कामांना बाया ठेवल्यान. येक काम माजा व्हता, ता पन गेला. मंग घरान मी कोन? पावनी?"

त्यांचं म्हणणं खरं होतं.

एक दिवस फ्लॅट बघायला नवरा-बायको गाडीतून आले. बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि विपुलला विचारलं, "या कोण?"

विपुल काकूंकडे न बघता म्हणाला, "गावातल्या आहेत. बसतात इथे."

काकूंनी विळीवरून मान वर केली. "गावातली हाय," त्या शांतपणे म्हणाल्या, "आनि ह्याची आयस पन हाय."

विपुलचा चेहरा पडला. ते दोघं गाडीत बसून निघून गेले. काकूंनी मासळी पुरी केली, नळाखालचा दगड धुतला आणि जिना चढल्या.

दुसऱ्याच दिवशी विपुलने सुतार आणि गवंडी बोलावले. काकू कोपऱ्यात जमिनीवर बसल्या, डोक्यावर हात ताठ उभा धरला आणि म्हणाल्या, "हितून वर तुमचा, खाली माजा." कपाट खालून कापून वर टांगलं. तांदळाचं पिंप ओट्याखाली गेलं, उरलेले डबे नमिताने पलंगाखाली सरकवले आणि कुरकुर केली नाही. खाली कठडा बांधला, नळ परत बसवला.

मोरी वाळल्यावर काकूंनी मला हाक मारली. चिंबोऱ्या आणल्या होत्या. विपुल स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होता.

"आई, झालं ना मनासारखं?"

"नाय झाला. त्या बाईला फोन लाव."

"कोणत्या बाईला?"

"रुमालवालीला. मी कोन ता तिला सांग."

"आई, ते काही आता फ्लॅट घेणार नाहीत. सोड ना."

"फ्लॅट इकाला नाय सांगत तुला," काकू म्हणाल्या. "फोन लाव."

नमिताने गॅस बंद केला. विपुल माझ्याकडे बघत होता, मी तिथून जाईन या आशेने. मी हलले नाही. शेवटी त्याने फोन लावला आणि तिथेच, आमच्या देखत बोलला. "मॅडम, त्या दिवशी नळावर मासळी करत होत्या ना... ती माझी आई. मी तुम्हाला खोटं सांगितलं." पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्याने फोन खिशात टाकला आणि खाली मान घालून उभा राहिला.

काकूंनी परातीतली मोठी चिंबोरी उचलली आणि तिची नांगी कडकन मोडली.

"जा, हात धुव," त्या म्हणाल्या. "जेवाला घालतंय."