पाळीवर आडवा धरलेला अँटेना

टिकारामच्या मांडीवर जाळं होतं. अर्धी भोकं सांधून झाली होती, अर्धी तशीच, तेवढ्यात वनरक्षक तृप्ती मॅडमचा फोन आला.

"टिकारामभाऊ, अँटेना घेऊन तलावाच्या पाळीवर या. गळ्यात पट्टा असलेल्या वाघिणीचा ठावठिकाणा सकाळपासून मोबाइलवर येऊन नाही राहिला."

जाळ्यातच सुई खोचून तो उठला आणि कोपऱ्याकडे बघतो तर सखाबाईचं वल्हं नाही. बायको डोंगी घेऊन तलावात शिंगाडे काढायला गेलेली. तिचा फोन तांदळाच्या डब्यावर पडलेला. "पाण्यात पडला तर नवा तुमी घेऊन द्याल का?" म्हणून ती तो घरीच ठेवायची. टिकाराम अँटेना उचलून पळतच निघाला.

तलावातल्या मासळीवर जगणाऱ्या घरात जन्मलेला हा माणूस जन्माचाच भित्रा. लहानपणी सापाची कात दिसली तरी ताप भरायचा. सखाबाई चारचौघींत म्हणायची, "मांजर आडवं गेलं तरी आमच्या घरचे मारुतीले नारळ बोलतेत." तो वनखात्यात रोजंदारीवर लागला तेव्हा करडी गावच्या बाजारापर्यंत हसू झालं. पण भिणाऱ्याचे कान जागे असतात, आणि मॅडमला तसेच कान हवे होते.

काम ऐकायचंच. वाघिणीच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यातून निघणारी खूण रिसीव्हरच्या डब्यात टुकटुक वाजते. पूर्वी टीव्हीसाठी छपरावर असायचा तसा काड्यांचा अँटेना वायरीनं डब्याला जोडून, हातात धरून सावकाश गोल फिरायचं. टुकटुक मोठी होईल त्या बाजूला वाघीण. किती दूर, ते एका जागेवरून कळत नाही. दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा फिरायचं. दोन्ही दिशांच्या रेघा जिथं एकमेकींना कापतील, तिथं ती.

वाटेत गावातला भैयालाल ढोरं घेऊन नाल्याकडच्या जंगलात निघालेला.

"का गा टिकाराम, क्रिकेट लागली का तुह्या टीव्हीवर?"

"ढोरं घरी ने, भैयालाल."

"तू रोजच भेतं. मी काय रोजच ढोरं कोठ्यात बांधू?" हसत हसत तो गेला.

मॅडम डबा घेऊन पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, टोकाला उभ्या होत्या. टिकारामनं अँटेना फिरवला. धानाच्या शेतांकडे बारीक, जंगलाकडे बारीक, आणि तलावाकडे वळताच टुकटुक खणखणीत. काड्यांच्या रोखानं त्यानं नजर टाकली, तर थेट पलीकडच्या काठाशी शिंगाड्याच्या वेलांत सखाबाईची डोंगी.

"थांबा, दुसऱ्या जागेवरून बघू," मॅडम म्हणाल्या. पण त्याच्या तोंडून बायकोला आरोळी निघून गेली होती.

"होऽऽ, खुशीची माय, होऽऽ!"

त्या गावच्या तलावाची रीत अशी, की पाळीवरून आरोळी आली की हातातलं काम टाकून डोंगी पाळीखालच्या घाटावर आणायची. जाळं जड झालं असेल, कुणी बुडत असेल. सखाबाईनं शिंगाडे टाकले आणि वल्हं मारलं.

पाळीच्या खाली शेतात मारुतीचा चौथरा आहे. टिकाराम आणि मॅडम धापा टाकत तिथं पोचले. अँटेना फिरला. टुकटुक पलीकडच्या काठाची नव्हतीच. ती घाटाची होती; पाळीच्या टोकावरून घाट आणि डोंगी एकाच रोखात येत होते. घाटालगतच्या बेशरमाच्या झुडपांची.

"मॅडम," टिकाराम म्हणाला, "मी तिले वाघिणीच्या तोंडात बोलावलं."

आता पुन्हा ओरडावं, तर ती वल्हं आणखी जोरात मारील. मग त्याला दुसरी रीत आठवली. बांबू डोक्यावर आडवा धरला की त्याचा अर्थ, पुढे जाळं पसरलंय, डोंगी जागेवर थांबव. बांबू कुठून आणायचा? त्यानं वायर उपसली, अँटेना घेतला आणि पाळ चढू लागला.

"भाऊ, वर नका जाऊ!" मॅडमच्या हातातला डबा वायरीवाचूनही वाजत होता. इतकी ती जवळ.

वर येऊन त्यानं दोन्ही हातांनी अँटेना आडवा धरला. ऐकायचं साधनच डोक्यावर, आता वाघीण कुठं सरकते ते कळायची सोय नाही. तो नुसता "मारुतीराया, मारुतीराया" म्हणत राहिला.

डोंगी थांबली.

"कोठी पसरलं जी जाळं? मले तं दिसून नाही राहिलं!" पाण्यावरून सखाबाईचा आवाज आला.

झुडपं हलली. वाघीण बाहेर आली, घाटाच्या पायरीवर वाकून पाणी प्यायली. सखाबाई डोंगीत आडवी झाली. वाघिणीनं मान वळवून टिकारामकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटले, पण हात खाली केले नाहीत. उघडले तेव्हा ती पाळ ओलांडून जंगलाकडे चालली होती.

सखाबाई काठाला लागली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. तरी म्हणाली, "लय भेले ना तुमी?"

"भेलो. अजूनबी भेऊन राहिलो."

या वेळी ती हसली नाही. त्याच्या हातातून अँटेना तिनंच सोडवला, कारण त्याची बोटं उघडत नव्हती.

मॅडमनं वर येऊन वायर पुन्हा जोडली. टुकटुक आता नाल्याच्या बाजूला होती. टिकारामनं सखाबाईच्या पदराच्या ओल्या टोकानं तोंड पुसून घेतलं आणि मॅडमच्या मोटरसायकलवर मागं बसला. भैयालालला ढोरांसकट नाल्यावरून परत आणायचं होतं.