एक घागर जास्त

माझ्या नोकरीतल्या खून-दरोड्यांच्या केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता चाकू कोणाच्या घरून जप्त केला, हे फाईल पाहिल्याशिवाय सांगता यायचं नाही. पण जिच्यात गुन्हाच नव्हता, आरोपी नव्हता आणि जप्त करायला काही निघालं नाही, ती एक केस मात्र काल घडल्यासारखी आठवते. नावं कोणाचीच सांगणार नाही.

ऐंशीच्या दशकात मी मध्य प्रदेशातल्या सौसरला ठाणेदार होतो. उन्हाळा लागला होता. सकाळची हजेरी आटोपून रोजनाम्यावर नजर टाकत होतो. आमचे दिवाणजी, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, तोंडात पान असताना कोणाशी बोलत नसत, त्यामुळे सकाळी ठाण्यात मोठी शांतता असे. तेवढ्यात आमचा मुखबीर आला. बसस्टँडवर संत्र्यांच्या पेट्या बांधायचा त्याचा धंदा. खबर देताना तो नेहमी भिंतीकडे तोंड करून बोलायचा, जणू भिंतीलाच सांगतो आहे.

"साहेब, एक गोरी बुढी रोज पांढुर्ण्याहून बसनं येऊन राहिली," तो म्हणाला. "जामसांवलीच्या रोडवर उतरते अन् वावरावावरानं फिरते. हातात नकाशा हाय. लोक म्हनून राहिले, धन काढाले आली."

परदेशी बाई आणि हातात नकाशा, एवढं त्या काळी कोणत्याही ठाणेदाराला खुर्चीवरून उठवायला पुरेसं होतं. मी विचारलं, सगळ्यांत जास्त कोणाच्या वावरात फिरते? त्यानं एका संत्रा-बागायतदाराचं नाव सांगितलं. पन्नाशीचा, सरळ माणूस. मला नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. आमच्याकडे शेजाऱ्याची बकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढली तरी माणूस रिपोर्ट लिहायला ठाण्यात येतो. याच्या वावरात रोज परकं माणूस शिरत होतं आणि हा गप्प होता. ज्यानं तक्रार करायला हवी तो करत नाही, तेव्हा पोलिसानं आधी तिकडे पाहावं.

पण पहिल्यांदा बाईला बोलावलं. सत्तरीच्या जवळ आलेली, उन्हानं लाल झालेली, सुती साडी जेमतेम सांभाळत असलेली अमेरिकन बाई. त्या दिवशी ठाण्यातल्या प्रत्येक शिपायाला माझ्या खोलीत काही ना काही काम निघालं. बाईचं हिंदी पुस्तकातून शिकलेलं, ती पाणी आणून देणाऱ्या शिपायालासुद्धा 'श्रीमान' म्हणाली. बिचारा दिवसभर छाती काढून फिरत होता. पासपोर्ट, परवाना, सगळं ठीक होतं. चहा झाला, तिनं आणखी एक मागितला, आणि मग दार लोटून मी विचारपूस सुरू केली.

तिचे आजोबा सरकी काढायच्या यंत्रांचे कारागीर. इंग्रजांच्या काळात अमेरिकेहून इकडे आले. इथल्या मालगुजाराकडून, म्हणजे जमीनदाराकडून, थोडी जमीन घेऊन त्यांनी अमेरिकन कपाशीचं बी पेरून पाहिलं. कपाशीनं काही जीव धरला नाही. बायको आणि दोन लेकरं सोबत होती. थोरला मुलगा म्हणजे या बाईचे वडील. धाकटी मुलगी तापानं इथंच गेली आणि वावराच्या कोपऱ्यात तिला पुरलं. पुढे कुटुंब परत गेलं.

"मग आता इतक्या वर्षांनी काय हवं आहे?" मी विचारलं.

बाईनं कपबशी बाजूला ठेवली. मग तिनं सांगितलं ते असं. ताप चढला की पाणी द्यायचं नाही, अशी त्या काळच्या मोठ्या माणसांची समजूत. ती पोर पाणी मागत होती. भावानं चोरून पेला भरला, पण तो दारात अडवला गेला, आणि सकाळी बहीण नव्हती. तो पोरगा म्हातारा झाला, तरी आजारपणात ग्लास समोर धरला की म्हणायचा, आधी तिला द्या. गेल्या वर्षी तो गेला. जाण्याआधी त्यानं लेकीकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की ती एकदा तिथं जाऊन बहिणीला पाणी देईल.

मी अनेक रडणारी माणसं पाहिली आहेत. ही रडली नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. तिचा परवाना संपत आला होता आणि या वयात पुन्हा येणं होणार नाही, हे तिला आणि मला दोघांनाही दिसत होतं. धनाची गोष्ट मी तिथंच निकालात काढली आणि पटवाऱ्याला निरोप पाठवला.

जुन्या जमिनीचा माग काढणं चोराचा माग काढण्यापेक्षा अवघड असतं. चोर निदान नाव बदलून पळतो, जमीन जागच्या जागी राहून नंबर बदलते. दर बंदोबस्ताला, म्हणजे सरकारी मोजणीला, नवा नकाशा, एका खसरा नंबराचे तीन तुकडे, दोन तुकड्यांचा पुन्हा एक. बाईनं नागपूरहून जुन्या नकाशाची नक्कल आणली होती. ती आणि पटवारी तहसीलच्या व्हरांड्यात डोक्याला डोकं लावून बसायचे. नाल्याचं वळण, जुनी विहीर, पांदण, असं एकेक जुळवत ते नव्या नंबरापर्यंत आले. वावर त्याच बागायतदाराचं निघालं. जुन्या नकाशात कोपऱ्यात कबरीची खूण होती. पुढच्या नकाशात ती नव्हती.

आम्ही मौक्यावर गेलो. संत्र्याची झाडं, पलीकडे मोकळी जमीन आणि त्या कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचा, मोठा ढीग. पऱ्हाटी चुलीला लागते. ती लोक घराजवळ रचतात, गावापासून एवढ्या लांब कोणी ठेवत नाही. बागायतदार समोर उभा होता. मी त्याला फक्त रामराम केला, तर तो म्हणाला, "इथं काहीच नाही जी, साहेब."

त्याला ठाण्यात बोलावून घेतलं. बसायला स्टूल दिलं. मी कबरीबद्दल विचारावं आणि त्यानं वावराबद्दल उत्तर द्यावं, असा तो सवाल-जवाब चालला. इथं कोणाची माती आहे का? "वावर आमच्या आज्यापासून आमचंच हाय." एखादा जुना दगड पाहिला होता का? "सारा भरतो जी आम्ही, दरसाल." दिवाणजी पान थुंकून आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, साहेब, दोन शिपाई पाठवा, ढीग हलवतो. हुकूम दिला असता तर ढीग हललाही असता. पण गावासमोर पोलिसांनी तो ढीग उपसला असता, तर त्या माणसाची भीती खरी ठरली असती. शिवाय ती भीती कशाची, हे मला अजून कळलं नव्हतं. मी त्याला घरी जाऊ दिलं.

चारेक दिवसांनी अखजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे घरोघर पित्तरांच्या घागरी भरतात. मातीची कोरी घागर, तिच्यात पाणी, वर आंबा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन नमस्कार. भर उन्हाळ्यात पूर्वजांना पाणी मिळावं, एवढाच साधा अर्थ. मी साध्या कपड्यांत त्या बागायतदाराच्या घरी गेलो. सणाच्या दिवशी दारी आलेल्याला कोणी हाकलत नाही, हा त्यामागचा हिशेब होता, खोटं कशाला बोलू.

त्याची आई, नव्वदीला टेकलेली म्हातारी, पाटासमोर बसली होती. पाटावर दोन मोठ्या घागरी होत्या. एक तिच्या सासऱ्याची, एक नवऱ्याची. आणि त्यांच्या बाजूला, वीतभरही नसेल, अशी एक लहान घागर. तिच्यावर आंब्याऐवजी बताशा ठेवला होता.

मी विचारलं, "माय, ही कोणाची?"

"अशीच हाय जी," मुलगा लगबगीनं म्हणाला. "कुंभारानं वरून देल्ली."

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "पित्तरायसमोर खोटं बोलू नोको रे बापा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "हे सायबाच्या पोट्टीची हाय. माह्या सासूनं तिले अंगाखांद्यावर खेळोलं होतं. मेमसाहेब जातानी सासूचा हात धरून म्हने, हिले एकटी ठेवू नोका. तवापासून भरतो. लेकराले तहान तं लागतेच ना?"

तहानेची गोष्ट बाईनं माझ्या खोलीत, दार लोटून सांगितली होती. ती या घरात कोणालाही माहीत असण्याचा संभव नव्हता.

मग मुलानंच सगळं ओकून टाकलं. साहेबानं जाताना वावर त्याच्या आजोबांना दिलं ते तोंडी. पुढे कब्जा पाहून नाव चढलं, पण मूळचा कागद घरात नव्हता. आता साहेबाची नात नकाशा घेऊन आली. कबर दिसली म्हणजे वावर साहेबाचं होतं हे शाबीत झालं, अशी त्याची समजूत. म्हणून त्यानं घरची पऱ्हाटी बैलबंडीत भरून तिकडे नेऊन टाकली होती. वावरावर पोलिसांचा पंचनामा नको, म्हणून तक्रारही केली नव्हती. "तिच्यावर ढीग टाकला त्या दिवशी जेवलो नाही जी," तो म्हणाला, आणि मला त्याच्यावर एवढासाही राग धरता आला नाही. मी त्याला समजावून सांगितलं, की इतक्या वर्षांचा कब्जा, सरकारी कागदावर तू भूमिस्वामी आहेस, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आला तरी तुला उठवू शकत नाही. आणि बाईला जमीन नको आहे. तिला पेलाभर पाणी द्यायचं आहे.

तो उठला, बैलबंडी जुंपली आणि वावराकडे गेला. मी पांढुर्ण्याला जीप पाठवली.

बाई पोचली तेव्हा ढीग निम्मा झाला होता. उरलेल्या पऱ्हाट्या त्यानं एकट्यानं काढल्या, कोणाला हात लावू दिला नाही. खाली हातभर लांबीचा दगड होता, दरसाल चुना लावलेला, वर कुंकवाचं बोट. अक्षरं चुन्याखाली भरून गेली होती. बाईनं बोटांनी ती चाचपली आणि तेच नाव, अशी मान हलवली.

म्हातारीला बंडीतून आणलं होतं. तिनं लहान घागर मांडीवर धरली होती. मी बाईला हिंदीत सांगितलं, की ही घागर दर वर्षी भरली गेली आहे, ती पोर गेली तेव्हापासून एकही उन्हाळा न चुकता. बाईनं मला पुन्हा सांगायला लावलं. पाणीच ना, असं विचारलं. मी म्हटलं, हो, पाणी. तेव्हा मात्र ती त्या ढेकळांतच खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग घागर तिच्या हातात दिली. बाईनं दगडाच्या उशाला पाणी ओतलं.

म्हातारीनं मला विचारलं, "अन् हिचा बाप? त्या पोट्टीचा भाऊ?"

मी सांगितलं, गेल्या वर्षी गेला.

"मंग त्याची घागर कोन भरन?" म्हातारी म्हणाली. तिनं मुलाला घरी पिटाळलं आणि एक मोठी कोरी घागर मागवली. अमेरिकेत वारलेल्या त्या माणसाची घागर सौसरच्या वावरात भरली गेली. बाईनं त्याचं नाव घेतलं, म्हातारीनं ते आपल्या परीनं उच्चारून पाहिलं, ते तिला काही जमलं नाही, पण हात मात्र मनापासून जोडले.

बाईच्या मनात दगड मायदेशी नेण्याचा विचार होता, हे तिनं मला परतताना जीपमध्ये सांगितलं. आता तो तिनं सोडला होता. ती पोर इथं एकटी असती तर नेला असता, म्हणाली.

संध्याकाळी सगळी हकीकत ऐकल्यावर दिवाणजींनी चक्क पान थुंकून विचारलं, रोजनाम्यात काय चढवू? मी सांगितलं, खबर खोटी, कोणी काही नेलं नाही. दिवाणजींनी डोळे पुसले आणि तेवढंच लिहिलं.

माणूस खोटं बोलतो तेव्हा पोलिसाला वाटतं तो काही दडवतो आहे. दडवतोच. पण दडवणारा नेहमी चोरच असतो असं नाही, कधी तो एखाद्याला जपतही असतो. एवढं मी त्या केसमध्ये शिकलो आणि पुढे खुर्चीत बसलो तेव्हा प्रत्येक वेळी आधी भीतीचा पत्ता विचारला, मग गुन्ह्याचा. याचा मला फार उपयोग झाला.

ती म्हातारी पुढे दोनेक वर्षांत गेली. आता मी निवृत्त होऊन पांढुर्ण्यात राहतो. अखजीला आमच्या पाटावर एक घागर जास्त असते. लग्नानंतरच्या पहिल्या अखजीला सुनेनं विचारलं, बाबा, ही कोणाची? मी तिला सांगितलं, माझ्या एका साक्षीदाराची.