प्रभारी मुख्याध्यापकाच्या खिशातली चावी

आम्हा मास्तरांना पगारवाढ वर्षातून एकदा मिळते, फजिती मात्र महिन्याच्या महिन्याला. तलासरीकडच्या पाड्यावरच्या शाळेत मी एकोणीस वर्षं काढली, त्यामुळे साठा बराच झालाय. आणि बहुतेक किश्श्यांत येडा मीच आहे!

*

जुने मुख्याध्यापक रिटायर झाले आणि केंद्रप्रमुखांनी चाव्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "अभिनंदन! आजपासून तुम्ही प्रभारी मुख्याध्यापक."

मी हळूच विचारलं, "पगारात काही...?"

"मान वाढतो ना, सर!"

शाळेत शिक्षक दोनच, मी आणि सुजाता मॅडम. पण मान वाढलाय म्हटल्यावर पहिल्याच दिवशी मी 'सर्व कर्मचारीवृंदास' अशी लेखी सूचना काढली. सर्व कर्मचारीवृंद समोरच्या खुर्चीत वह्या तपासत बसला होता.

मॅडमनी सही केली आणि म्हणाल्या, "सर, वृंदाने आता वर्गावर जावं का?"

*

आदर्श शिक्षकाला जादा वेतनवाढ मिळते, असं कोणीतरी डहाणूच्या एसटी स्टँडवर सांगितलं. झालं! मी तडक स्वतःची फाइल तयार केली. इतकं कौतुक मी माझ्या आईच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. 'पाच वर्षांत पाच वृक्षारोपणं', सोबत रंगीत फोटो.

तालुक्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांनी फोटो नीट पाहिले, चष्मा वर केला. "गुरुजी, शर्ट पाच आहेत. खड्डा एकच दिसतोय."

खोटं कशाला बोलू, एकच होता. दर वर्षी रोप शेळी खायची आणि आम्ही त्याच खड्ड्यात नवं लावायचो. खणायचे कष्ट वाचतात!

ती वेतनवाढ केव्हाच बंद झालीय, हेही साहेबांनीच सांगितलं.

*

मग डहाणूला नेतृत्व विकासाचं प्रशिक्षण लागलं. चार्टपेपरवर मी ठसठशीत लिहिलं, 'खरा नेता सर्वांना सोबत घेऊन चालतो.' टाळ्या चालू असतानाच माझा फोन वाजला आणि घाईत स्पीकरवर पडला. पलीकडे आमच्या शाळेत पोरांचं जेवण रांधणाऱ्या लक्षीमावशी.

"सर, तांदळाच्या खोलीची चावी कुठं हाय?"

मी खिसा चाचपला. जुडगा खिशातच खुळखुळला!

"चावी सोबत घेऊन गेलात व्हय? पोरां ताटल्या घेऊन बसलीत इथं!"

अख्खा हॉल हसला. मावशींनी त्या दिवशी स्वतःच्या घरचा तांदूळ आणून शिजवला, पोरं जेवली. मला मात्र प्रशिक्षणातलं जेवण काही गेलं नाही.

*

आता ग्रामसभेचा किस्सा. शिक्षक गावातच राहतो, असा ग्रामसभेचा ठराव जोडला तरच आमचा घरभाडे भत्ता निघतो. मी राहतो डहाणूला, मोटारसायकलने येतो-जातो. दर वर्षी ठराव चहा-फरसाणावर पास व्हायचा. चावीच्या प्रकारानंतर मात्र पाड्यावरच्या बायका म्हणाल्या, "अवंदा विचारायचंच." भत्ता गेला तर मुलीच्या होस्टेलची पंचाईत होती. मी शाळेच्या ओट्यावर सभेत बसलो.

सरपंचांनी विचारलं, "सर गावात राहतात काय?"

लक्षीमावशी उठल्या.

"राहतात ना! दहा ते पाच."

सभा खो-खो हसली. मीही हसलो, पण कान तापले होते. एकोणीस वर्षांत या गावात आपण एक रात्र काढली नाही, याची त्या दिवशी पहिल्यांदा खरी लाज वाटली. भत्ता आठवलासुद्धा नाही.

ग्रामसेवक पेन उघडून बसले होते. "मग लिहू काय?"

"थांबा जरा, भाऊ." मावशी माझ्यापुढे आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी एक चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"आमच्या घराची मागची खोली सारवून ठेवलीय. आजपासून राहा, पुढच्या सभेला लिहू. आणि सर, ही चावी तरी डहाणूला नेऊ नका!"

"नाही नेणार," मी म्हणालो, आणि सवयीने ती खिशात टाकली.