दोन बोटं हिरवी वायर

आमच्या घरात चपला घालून आत यायची मुभा फक्त एका माणसाला होती. आईचा या बाबतीतला कायदा कडक. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस असो नाहीतर खुद्द तिचा भाऊ, पायताण उंबऱ्याबाहेर. पण अण्णा वायरमन आले की निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपलांसकट थेट स्वयंपाकघरात, आणि वेळ पडली तर देवघराच्या तोंडापर्यंत. आई नुसती फरशीकडे बघायची. "वहिनी, करंटाशी खेळणाऱ्याला देव माफ करतोय," असं म्हणून अण्णा हसायचे. मग आई चहा टाकायची आणि ते गेल्यावर मुकाट्याने फरशी पुसून घ्यायची.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत अकरा घरं. एक अण्णांचं स्वतःचं, बाकी दहा आम्हा शेजाऱ्यांची, आणि सगळ्या घरांचं वायरिंग अण्णांच्या हातचं. ते बाबांचे तालमीपासूनचे दोस्त. बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर आमच्याकडचा पंखा कुरकुरला, मिक्सर अडला, गीझर तापेना, तर अण्णांना बोलवावं लागायचं नाही. गल्लीत बातमी लागायची आणि ते पिशवी घेऊन हजर व्हायचे. आईने कधी पैशांचं विचारलं तर म्हणायचे, "दोस्ताचं घर हाय. हितं मी कामाला येत न्हाय, घरी येतोय."

मला त्यांनी पहिली बंद इस्त्री आणून दिली ती बाबा गेल्यानंतरच्या सुट्टीत. "खोल. पण कुठला स्क्रू कुठनं काढला ते ध्यानात ठेव." समोरच्या काकू म्हणाल्या, पोरीला कशाला असले उद्योग? अण्णांनी मान वर न करता सांगितलं, "हिचा हात कापत न्हाय. माझा कापाय लागलाय." त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. दहावीला गणिताने घाम फोडला, नोकरीच्या मुलाखतीत जीभ टाळ्याला चिकटली, तेव्हा मी मनात म्हणत असे, माझा हात कापत नाही.

त्यांची दुरुस्तीची रीत ठरलेली होती. आधी मेन स्विच बंद. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "चार गोष्टी एकदम बदललीस तर दुखणं पळून जातंय, घावत न्हाय." आणि एक बंदी: भिंतीतला बोर्ड उघडायचा नाही. "भिंत माझी. बाकी समदं तुझं." मला वाटायचं, पोरीला शॉक बसेल या काळजीपोटी सांगतात. केवढा जीव या माणसाचा आपल्यावर, असंही वाटायचं.

नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी गेमिंगचा कॉम्प्युटर बांधायला घेतला. तयार विकत घेण्यात काय मजा? वर्षभर एकेक भाग मागवला आणि जेवणाच्या टेबलावर चादर पसरून जोडणीला बसले. अण्णा स्टुलावर बसून बघत होते. ग्राफिक कार्ड बघून म्हणाले, "ह्येला पंखं तीन, अन् आमच्या खोलीत एकच." मशीन सुरू झालं, काचेच्या बाजूतून रंगीत दिवे लागले, तेव्हा आईने कॅबिनेटला कुंकू लावलं. अण्णा गल्लीभर सांगून आले की आपल्या हाताखालची पोरगी घरात कॉम्प्युटर बनवती.

पाचव्या दिवशी तो बंद पडला. गेम ऐन रंगात, संघातले चौघे कानात ओरडताहेत, आणि स्क्रीन एकदम निळी. मग आपोआप पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी तसंच. कधी दहा मिनिटांत, कधी दोन तासांनी. संघातल्यांनी माझं नाव 'लोडशेडिंग' ठेवलं. मी स्वभावाने तापट आहे, हे मला कबूल आहे. त्या महिन्यात मी दोन हेडफोन आपटले आणि आईशी तीनदा भांडले.

मग सुरू झाले आमचे रविवार. अण्णा दहाला यायचे. एका रविवारी रॅम काढून खोडरबराने तिचे दात पुसले. पुढच्या रविवारी प्रोसेसरची पेस्ट बदलली. विंडोज पुसून नव्याने टाकलं. पॉवर सप्लाय कंपनीकडे पाठवला, तो 'दोष नाही' अशी चिठ्ठी घेऊन परत आला. शेवटी वैतागून मशीन स्कूटरवर बांधून दुकानात नेलं, तर तिथे दिवसभर सुरळीत चाललं. घरी आणलं, अर्ध्या तासात निळं. मी अण्णांना विचारलं, हे कसं काय? ते रॅमवर बोट दाबून म्हणाले, "गाडीवर हादरं बसलं की रॅम नीट बसती. घरी आलं की परत ढिली हुतीया." मला ते पटलं! इंजिनिअरिंगची पदवी भिंतीवर टांगलेली होती आणि मला ते पटलं.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, हेही मी त्यांना सांगितलं होतं. "एवढं असतंयच की," ते म्हणाले. पुढच्या रविवारी येताना माझ्यासाठी जाड रबरी चटई घेऊन आले. टेबलाखाली स्वतः वाकून अंथरली, कोपरे हाताने दाबून बसवले. "ह्येच्यावर पाय ठिवून खेळत जा, पोरी." त्या दिवशी माझे डोळे भरून आले होते. बाप असता तर त्याने तरी आणखी काय केलं असतं?

असे अडीच महिने गेले. एका रविवारी अण्णा जोतिबाला गेले होते. मी एकटीच बसून, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, बदलून झालेल्या गोष्टींची यादी काढली. मशीनमधलं काहीच उरलं नव्हतं. उरली होती फक्त भिंत. मी मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो बोर्ड खोलला.

लाल वायर, काळी वायर, दोन्ही आपापल्या जागी पक्क्या. तिसऱ्या, मोठ्या भोकाच्या मागे हिरवी वायर. ही अर्थिंगची. यंत्राच्या पत्र्यात करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा, म्हणून ती असते. मी स्क्रू सैल केला तशी ती हातात आली. दोन बोटं लांब. भिंतीकडचं टोक तुटलेलं नव्हतं, जळलेलं नव्हतं. त्याचं प्लास्टिकसुद्धा कधी सोललेलं नव्हतं. बाहेरून कुणी डोकावलं तर हिरवं दिसावं, एवढ्यापुरती ती होती. झिणझिण्या त्यामुळेच येत होत्या, आणि दुकानात धड चालणारं मशीन घरी निळं पडायचं तेही त्यामुळेच.

मग मी फ्रीजचा बोर्ड खोलला. मिक्सरचा खोलला. शेवटी न्हाणीघरातला, गीझरचा. तिथेही दोन बोटं. आई तिथे रोज ओल्या अंगाने उभी राहते. वीस वर्षं उभी राहिली आहे. मी तिथेच फरशीवर बसले. माझा हात कापत होता.

संध्याकाळी अण्णांच्या घरी गेले. ते डोंगरावरून नुकतेच आले होते, कपाळावर गुलाल तसाच होता. परसात पाय धुऊन, अनवाणी, ओल्या पायांनी उभे राहून पंपाचं बटण दाबत होते. शेजारीच सिमेंटचं झाकण घातलेला अर्थिंगचा खड्डा होता. लहानपणी त्या झाकणावर बसून मी कितीदा आवळे खाल्ले होते. आमच्या घरात त्यांच्या पायातून चपला का निघत नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं.

मी वायर पुढे केली. त्यांनी ती हातातही घेतली नाही.

"बोर्ड उघडलास."

"तुटली होती का, अण्णा?" मी विचारलं. खरं तर मी त्यांना वाट करून देत होते. हो म्हणाले असते तर मी मानलं असतं.

"न्हाय. जोडलीच न्हवती."

"कुणाच्याच घरात?"

"माझ्या हाय." मग खाली बघत म्हणाले, "एका उन्हाळ्यात समदी घरं काढल्ती. घाई हुती. तिसरं भोक दिसलं की लोक खूश. म्हटलं, मागनं जोडू. मग ऱ्हायलंच. अन् मग सांगायचं कुठल्या तोंडानं?"

"आणि हे अडीच महिने? माझ्याबरोबर बसून काय शोधत होता तुम्ही?"

अण्णांनी कपाळावरचा गुलाल तळहाताने पुसला. "म्हटलं, तुझ्या मशीनमधलंच कायतरी निघंल. आज डोंगरावर बी त्येच मागून आलो."

खोटं वायरिंग मी कदाचित कधीतरी गिळलं असतं. पण ते रविवार? माझ्या शेजारी बसून, माझ्याच घरचा चहा पीत, या माणसाने मला उत्तर सोडून सगळीकडे हिंडवलं होतं. आणि ती चटई! त्यांना माझी काळजी होती, यात मला आजही शंका नाही. म्हणूनच जास्त राग येतो. ज्याला काळजीच नाही त्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो.

त्यांनी हात जोडले. "गल्लीत बोलू नको, पोरी. नावाशिवाय माझ्यापाशी काय बी न्हाय." मी म्हणाले, गणपतीच्या आत दहाही घरं नीट करा, तर बोलणार नाही, आणि तोवर एकाही घरात गीझर लागता कामा नये. त्याच संध्याकाळी ते घरोघर सांगून आले की व्होल्टेज वरखाली होतंय, गीझर लावू नका. कुणी कारण विचारलं नाही. अण्णांनी सांगितलं म्हणजे सांगितलं.

पहिलं काम आमच्याकडे निघालं. मीठ-कोळशाचा खड्डा, पाइप, तिथून थेट प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी वायर. मी प्रत्येक जोडापाशी उभी राहिले आणि प्रत्येक वायर ओढून बघितली. ते बाजूला सरकून मला जागा द्यायचे. त्या दिवसापासून माझा कॉम्प्युटर एकदाही निळा पडलेला नाही.

बाकीची नऊ घरंही झाली. सत्तरीचा म्हातारा भर पावसात खड्डे खणतोय, एक पैसा घेत नाही, हे बघून गल्ली गहिवरली. गणपतीत मंडळाने अण्णांना शाल-नारळ दिला. "ह्या पोरीनं सांगितलं, अर्थिंग जुनं झालंय, तवा सुचलं," असं ते माइकवर म्हणाले. लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. आई शेजारी बसून डोळे पुसत होती. मीही टाळ्या वाजवल्या. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी ते दहाला दारात आले. "मशीन बघायचं का?"

"आता बंद पडत नाही, अण्णा."

"हां. मग काय काम न्हाय की." आतून आईने चहा टाकल्याचं सांगितलं, पण ते मागे फिरले होते. दिवाळीनंतर ते घर बंद करून कुरुंदवाडला लेकीकडे गेले.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. सणासुदीला ती त्यांना आवर्जून फोन लावते. परवा दसऱ्यालाही लावला. त्यांनी मशीनची चौकशी केली असावी, कारण ती कौतुकाने म्हणाली, "एकदाबी बंद पडलं न्हाई, अण्णा. शेवटी तुमच्या हातचं काम." मग फोन माझ्यापुढे धरला. "बोल की. तुझं नाव काढलं त्यांनी."

"हात ओले आहेत," मी म्हणाले.

आईने तसंच त्यांना सांगितलं आणि ती थोडा वेळ फोन कानाला धरून उभी राहिली. पलीकडून ते काय म्हणाले, मी विचारलं नाही. हात माझे कोरडे होते.